वेग आणि अंदाज : अरीना शूटर या खेळाची घडण

खेळाचे स्वरूप

अरीना शूटर हा संगणकावरील नेमबाजीच्या खेळांचा एक वेगवान प्रकार आहे. एका बंदिस्त आखाड्यात दोन किंवा अधिक खेळाडू उतरतात. प्रत्येकाला पडद्यावर आपल्या पात्राच्या डोळ्यांपुढचे दृश्य तेवढे दिसते. ठरलेल्या वेळात जो प्रतिस्पर्ध्यांना अधिक वेळा टिपतो, तो जिंकतो. टिपल्याबद्दल मिळणाऱ्या गुणाला खेळाडूंच्या बोलीत ‘फ्रॅग’ म्हणतात. टिपला गेलेला खेळाडू सामन्याबाहेर जात नाही. काही क्षणांत तो आखाड्यात दुसऱ्याच ठिकाणी नव्याने उभा राहतो आणि खेळ चालूच राहतो.

या प्रकाराची ओळख तीन नियमांनी पटते. सर्व खेळाडूंचे बळ, धावण्याचा वेग आणि हातातले पहिले शस्त्र सारखे असते. त्यापुढची शस्त्रे, चिलखते आणि प्रकृती सुधारणाऱ्या वस्तू आखाड्यात ठरलेल्या जागी ठेवलेल्या असतात. कोणी उचलली की ती वस्तू ठरलेल्या सेकंदांनी त्याच जागी परत येते. तिसरा नियम असा की धावणे आणि उडी मारणे यांत सरावाने कितीही प्रावीण्य मिळवता येते. खेळून खेळून पात्राची ताकद वाढत नाही, पैसे मोजून सरस शस्त्र मिळत नाही. काल आलेला नवशिका आणि वीस वर्षे खेळलेला जाणकार एकाच रेषेवरून सामना सुरू करतात. त्यांच्यातला फरक फक्त त्यांच्या ज्ञानाचा आणि हाताच्या सवयीचा असतो.

बाहेरून पाहणाऱ्याला या खेळात धावपळ आणि स्फोट दिसतात. त्यामुळे हा केवळ चपळ बोटांचा खेळ आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात वेग हे त्याचे वरचे रूप आहे. प्रतिस्पर्धी पुढच्या क्षणी कोठे असेल, कोणती वस्तू किती सेकंदांनी येईल, कोणत्या वाटेने गेल्यास दोन्ही साधेल, हे आधी ओळखणे हा त्याचा गाभा आहे. आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीचा ‘क्वेक ३ अरीना’ हा खेळ या प्रकाराचा प्रमाण नमुना मानला जातो. पुढील विवेचनात आकडे आणि उदाहरणे मुख्यतः त्यातलीच घेतली आहेत.

उगम

संगणकाच्या जाळ्यावरून एकमेकांना टिपण्याची कल्पना १९७०च्या दशकातली आहे. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात तयार झालेल्या ‘मेझ वॉर’ या खेळात खेळाडू चक्रव्यूहाच्या बोळांतून फिरत एकमेकांवर नेम धरत. ही कल्पना घराघरांत पोहोचली ती आयडी सॉफ्टवेअरमुळे. १९९१ साली स्थापन झालेल्या या छोट्या कंपनीत जॉन कारमॅक हा प्रोग्रामर आणि जॉन रोमेरो हा खेळरचनाकार होता. त्यांचा ‘डूम’ १० डिसेंबर १९९३ रोजी आला. त्यात चार संगणक जोडून चार जणांना एकमेकांविरुद्ध लढता येई. रोमेरोने या लढतीला ‘डेथमॅच’ हे नाव दिले आणि ते साऱ्या प्रकाराला चिकटले.

२२ जून १९९६ रोजी आलेल्या ‘क्वेक’ने खरी त्रिमिती आणली. डूमच्या नकाशात एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नव्हती. क्वेकमध्ये पूल, तळघरे, सज्जे एकावर एक रचता येऊ लागले. वर-खाली नेम धरण्याची गरज निर्माण झाली आणि डाव्या हाताने डब्ल्यू, ए, एस, डी या कळा, उजव्या हाताने माऊस ही पद्धत रूढ होत गेली. ही पद्धत लोकप्रिय करण्यात ‘थ्रेश’ या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँग याचा मोठा वाटा होता. १९९७ साली ‘रेड ॲनिहिलेशन’ या क्वेकच्या स्पर्धेत तो जिंकला आणि कारमॅकने स्वतःची लाल फेरारी मोटार त्याला बक्षीस दिली. संगणक खेळातील प्रावीण्य ही जाहीर सन्मानाची गोष्ट ठरू शकते, हे या घटनेने पहिल्यांदा ठळकपणे दाखवून दिले.

१९९९ हे या प्रकाराचे बहराचे वर्ष. नोव्हेंबरमध्ये ‘अनरिअल टूर्नामेंट’ आला आणि पाठोपाठ डिसेंबरमध्ये ‘क्वेक ३ अरीना’. अनरिअल टूर्नामेंटमध्ये जवळजवळ प्रत्येक शस्त्राला दोन प्रकारचे मारे होते, कळ दोनदा दाबून बाजूला झेप घेता येई, आणि प्रतिपक्षाचा झेंडा पळवून आणण्याच्या सांघिक खेळावर बराच भर होता. क्वेक ३ने उलट वाट धरली. त्यात कथा नव्हती, मोहिमा नव्हत्या. एकट्याने खेळायचे तरी संगणकाने चालवलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी आखाड्यातच लढायचे. अनावश्यक ते सर्व गाळून उरलेल्या थोड्या गोष्टी काटेकोर करण्याच्या या निर्णयामुळेच तो अभ्यासाला सोयीचा ठरतो.

चाल

क्वेक ३मध्ये अंतर खेळाच्या स्वतःच्या एककांत मोजले जाते. पात्राची उंची ५६ एकके, रुंदी ३० एकके आणि धावण्याचा मूळ वेग सेकंदाला ३२० एकके असतो. म्हणजे पात्र दर सेकंदाला आपल्या उंचीच्या साडेपाच पटींहून अधिक अंतर कापते. माणसाच्या मापात हा वेग जागतिक दर्जाच्या धावपटूच्या जवळ जातो, आणि तो न थकता सतत टिकतो. साध्या उडीत पात्र सुमारे ४५ एकके वर जाते आणि सेकंदाच्या दोन तृतीयांशाइतका वेळ हवेत राहते.

हा वेग वाढवण्याची युक्ती म्हणजे ‘स्ट्रेफ जंप’. खेळातील गतीचे गणित खेळाडूचा एकूण वेग तपासत नाही. खेळाडू ज्या दिशेने जाऊ पाहतो, त्या दिशेपुरता वेग किती आहे एवढेच ते पाहते, आणि तो ३२०पेक्षा कमी असल्यास भर घालते. त्यामुळे हवेत असताना पुढे जाण्याची आणि बाजूची कळ एकत्र दाबून माऊस योग्य कोनात वळवत राहिले, की एकूण वेग ३२०च्या पुढे जात राहतो. वेग जितका जास्त तितका कोन मोठा लागतो. ६४० एककांचा वेग आणखी वाढवायचा तर जाण्याची इच्छित दिशा प्रत्यक्ष गतीपासून ६० अंशांहून अधिक वळलेली असावी लागते. जमिनीला पाय लागताच घर्षण वेग खाते, म्हणून टेकल्या क्षणी पुढची उडी घ्यावी लागते. अशा उड्यांची साखळी साधणारा खेळाडू मूळ वेगाच्या दुप्पट वेगाने आखाडा पार करतो.

ही युक्ती कोणी योजून ठेवलेली नव्हती. ती गणितातली एक फट होती. क्वेक ३च्या आज्ञावलीत ही फट बुजवणारे पर्यायी गणितही लिहिलेले आहे, पण ते बंद ठेवलेले आहे, आणि ते वापरल्यास हालचाल चांगली वाटत नाही अशा अर्थाची टीप तेथेच नोंदलेली आहे. खेळाडूंच्या हाताला जे योग्य वाटते त्याला कागदावरच्या शुद्धतेपेक्षा अधिक मान देण्याचा हा निर्णय या खेळाच्या इतिहासात मोलाचा आहे. त्यातून पुढे केवळ चालीच्या कौशल्यासाठी ‘डिफ्रॅग’ नावाची स्वतंत्र आवृत्ती उभी राहिली. तिच्यात शत्रू टिपण्याऐवजी अवघड वाट कमीत कमी वेळात पार करायची असते.

दुसरी युक्ती ‘रॉकेट जंप’ची. स्फोटाचा धक्का इजेच्या प्रमाणात बसतो. १०० गुणांची इजा करणारा स्फोट पात्राला सेकंदाला ५०० एककांचा वेग देतो. स्वतःच्या रॉकेटने स्वतःला होणारी इजा निम्मीच मोजली जाते, धक्का मात्र पूर्ण बसतो. म्हणून उडी घेताना पायाखाली रॉकेट सोडले, की एरवी हाती न लागणारा सज्जा गाठता येतो. त्याची किंमत प्रकृतीच्या गुणांत मोजावी लागते. वरच्या चिलखतासाठी ती किंमत द्यावी की जिन्याने जाऊन दोन सेकंद गमवावे, हा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो.

शस्त्रे

आखाड्यातील प्रत्येक शस्त्राला एक बलस्थान आणि एक उणीव असते. तीन शस्त्रांवरून हे स्पष्ट होते.

रॉकेट लाँचरचे रॉकेट सेकंदाला ९०० एकके या वेगाने जाते आणि थेट लागल्यास १०० गुण घेते. ९०० एकके दूर असलेल्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत ते पोहोचेपर्यंत तो ३२० एकके सरकलेला असतो. त्यामुळे तो जेथे आहे तेथे मारून उपयोग नाही. आबाधुबीत पळणाऱ्या गड्याच्या पुढे चेंडू फेकावा तसे रॉकेट त्याच्या वाटेवर टाकावे लागते. स्फोटाची झळ १२० एककांपर्यंत पोहोचते, म्हणून जाणकार छातीऐवजी पायाजवळच्या जमिनीवर नेम धरतात.

रेलगनचा मारा त्याच क्षणी पोहोचतो आणि कितीही अंतरावरून १०० गुण घेतो. मात्र दोन माऱ्यांमध्ये दीड सेकंद थांबावे लागते. नेम चुकला, तर तो दीड सेकंद प्रतिस्पर्ध्याचा असतो. लायटनिंग गनची विजेची धार सतत वाहते. दर ५० मिलिसेकंदांना ८ गुण, म्हणजे सेकंदाला १६० गुण घेते. ती फक्त ७६८ एककांपर्यंत पोहोचते, आणि हलत्या प्रतिस्पर्ध्यावर नेम अखंड धरून ठेवावा लागतो. थोडक्यात, रॉकेटला अंदाज लागतो, रेलगनला संयम आणि लायटनिंग गनला स्थिर हात.

चांगले खेळाडू या शस्त्रांची सांगड घालतात. रॉकेटने प्रतिस्पर्ध्याला हवेत उडवायचे आणि तो दिशा बदलू न शकता खाली येत असताना रेलगनने टिपायचे, ही अशीच एक नावाजलेली जोडी. तिच्या मुळाशी भौतिकाचा साधा नियम आहे. जमिनीवरचा खेळाडू क्षणात दिशा बदलू शकतो. हवेतला खेळाडू मात्र बराच काळ आधीच ठरलेल्या वक्ररेषेवर असतो, आणि म्हणून त्याचा ठाव सांगता येतो.

वस्तू आणि वेळ

नव्याने उभ्या राहिलेल्या खेळाडूकडे प्रकृतीचे १२५ गुण असतात आणि ते सेकंदाला एक या गतीने १००पर्यंत उतरतात. चिलखत काहीच नसते. आखाड्यात पिवळे चिलखत ५० गुणांचे, लाल चिलखत १०० गुणांचे आणि ‘मेगा हेल्थ’ प्रकृतीच्या १०० गुणांची असते. दोन्ही बाबतींत कमाल मर्यादा २००. बसलेल्या माऱ्यापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग चिलखत सोसते. नव्याने आलेला खेळाडू दोन रॉकेट थेट लागल्यास संपतो. दोन्ही बाबतींत २००वर असलेला चौथ्या रॉकेटपर्यंत टिकतो. सुरुवातीची समानता सामन्यात अशी मोडते, आणि ती आपल्या बाजूने मोडणे हाच डावपेचांचा हेतू असतो.

येथे घड्याळ महत्त्वाचे ठरते. उचललेले शस्त्र ५ सेकंदांनी, चिलखत २५ सेकंदांनी आणि मेगा हेल्थ ३५ सेकंदांनी परत येते. मारा तिप्पट करणारी ‘क्वाड डॅमेज’ ही वस्तू १२० सेकंदांनी परत येते आणि उचलल्यावर ३० सेकंद टिकते. दोघांच्या सामन्यात तिला बहुधा जागा नसते. एखाद्याने ३ मिनिटे ४० सेकंदांना लाल चिलखत घेतले, तर पुढचे ४ मिनिटे ५ सेकंदांना येणार हे त्याला ठाऊक असते. त्याच वेळी मेगा हेल्थ घेतली गेली असेल, तर ती ४ मिनिटे १५ सेकंदांना येईल. २५ आणि ३५ यांचा लघुतम साधारण विभाज्य १७५. म्हणजे दोन्ही वस्तू वेळच्या वेळी उचलल्या गेल्या, तर त्या पुन्हा एकाच क्षणी येण्यास जवळजवळ तीन मिनिटे लागतात. मधल्या काळात त्यांच्या वेळा सतत मागेपुढे होत राहतात. दहा-पंधरा मिनिटांच्या सामन्यात ही बेरीज, धावणे आणि नेमबाजी चालू ठेवून, मनातल्या मनात करत राहावे लागते.

दोघांच्या लढतीला ‘ड्युएल’ म्हणतात आणि या प्रकाराची सर्वोच्च कसोटी तीच मानली जाते. ड्युएलमध्ये ज्याच्या हाती चिलखतांचे चक्र असते, तो सामन्यावर ताबा ठेवतो. वस्तू येण्याच्या दोन-तीन सेकंद आधी तो तेथे पोहोचतो, मोक्याची जागा धरतो आणि दुसऱ्याला दूर ठेवतो. मागे पडलेल्याची कामगिरी अधिक कठीण असते. थेट भिडल्यास तो हरणार हे स्पष्ट असते, म्हणून त्याने लांबून थोडी थोडी इजा करायची, चिलखताचे पाच-पाच गुणांचे तुकडे गोळा करायचे, आणि प्रतिस्पर्धी लाल चिलखताकडे गेला की मेगा हेल्थ पळवायची. एक वस्तू जरी हातून निसटली, तरी समोरच्याची बेरीज बिघडते, आणि ताबा पुन्हा वादात येतो.

या सगळ्यात कानांचे काम डोळ्यांइतकेच मोठे असते. चिलखत उचलल्याचा, उडी घेतल्याचा, शस्त्र बदलल्याचा प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. भिंतीपलीकडून मेगा हेल्थ उचलल्याचा आवाज आला, तर ऐकणाऱ्याला एका क्षणात तीन गोष्टी कळतात. प्रतिस्पर्धी कोठे आहे, त्याची प्रकृती किती वाढली आणि ती वस्तू पुन्हा कधी येईल. म्हणून जाणकार खेळाडू गरजेनुसार धावणे सोडून चालतो. चालताना पावलांचा आवाज होत नाही. कधी तो मुद्दाम आवाज करून समोरच्याला फसवतो.

आखाड्याची रचना

आखाड्याला खेळाडू ‘मॅप’ म्हणतात. चांगल्या मॅपमध्ये बंद गल्ली क्वचितच असते; वाटा एकमेकींत गुंफलेली वर्तुळे करतात, म्हणजे पळणाऱ्यालाही वळून येण्याची संधी राहते. मोलाच्या वस्तू उघड्यावर किंवा खोलगट जागी ठेवलेल्या असतात, म्हणजे लाभासाठी धोका पत्करावा लागतो. उंच जागा धरणाऱ्याला खालच्या खेळाडूच्या पायाजवळ रॉकेट टाकणे सोपे जाते, म्हणून वर जाण्याच्या वाटांना महत्त्व येते. दोन बलवान वस्तू एकमेकींपासून दूर ठेवणे हाही जुना संकेत आहे. त्या जवळ असल्या, तर एकच खेळाडू दोन्ही राखून बसतो.

क्वेक ३मधील ‘द लाँगेस्ट यार्ड’ हा अंतराळात तरंगणाऱ्या फळ्यांचा मॅप आहे. आडोसा जवळजवळ नाही, एका फळीवरून दुसरीवर उसळीने जावे लागते, आणि हवेतला प्रत्येक जण रेलगनच्या टप्प्यात असतो. याउलट ‘ब्लड रन’ हा बोळ आणि मधल्या पोकळ्यांचा मॅप. तो कंपनीने बनवलेला नव्हता. एका हौशी रचनाकाराने तो तयार केला, स्पर्धांमध्ये तो मान्यता पावला, आणि पुढे ‘क्वेक लाइव्ह’ व ‘क्वेक चॅम्पियन्स’ या अधिकृत खेळांत त्याला जागा मिळाली. मॅप बनवण्याची साधने खेळाडूंच्या हाती देण्याची आयडी सॉफ्टवेअरची प्रथा नसती, तर हे घडले नसते.

जाळे आणि अंतर

इतक्या वेगवान खेळात संदेश पोहोचण्यास लागणारा वेळ निर्णायक ठरतो. या वेळेला ‘पिंग’ म्हणतात. मूळ क्वेकमध्ये कळ दाबल्याची बातमी सर्व्हरला जाऊन परत आल्याशिवाय पात्र हलत नसे; टेलिफोनवरच्या मोडेमवर त्यामुळे खेळणे असह्य होई. कारमॅकने डिसेंबर १९९६ मध्ये ‘क्वेकवर्ल्ड’ या आवृत्तीत यावर उपाय केला. खेळाडूचा संगणक त्याची हालचाल लगेच दाखवतो, सर्व्हर मागाहून तपासतो आणि फरक पडल्यास दुरुस्त करतो. क्वेक ३मध्ये याला जोड मिळाली ती बचतीची. सर्व्हर सेकंदाला साधारण २० वेळा आखाड्याची स्थिती पाठवतो, पण खेळाडूला शेवटची कळलेली स्थिती आणि आताची स्थिती यांतला फरकच तेवढा पाठवतो. आजच्या ऑनलाइन खेळांच्या बांधणीत ही दोन्ही तत्त्वे पायाभूत मानली जातात.

तरीही अंतराचा नियम मोडता येत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून फ्रँकफर्ट सरळ रेषेत सुमारे ६,५०० किलोमीटर आहे. म्हणजे संदेशाच्या जाण्या-येण्याला आदर्श स्थितीतही ६५ मिलिसेकंद लागणार, आणि केबलच्या वळणावळणाच्या मार्गाने त्याहून बरेच अधिक. ६५ मिलिसेकंदांत धावणारे पात्र २१ एकके सरकते, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या दोन तृतीयांशाइतके. रेलगनचा अचूक वाटलेला नेम एवढ्याने चुकतो. महाराष्ट्रातील खेळाडूंचा या खेळाशी संबंध कसा जडला, ते यावरून समजते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले, पण मोडेमच्या काळात परदेशी सर्व्हरवर बरोबरीने लढणे अशक्यच होते. म्हणून हे खेळ शहरांतील सायबर कॅफेंत, एकाच खोलीतल्या जोडलेल्या संगणकांवर खेळले गेले. तेथे पिंग नगण्य असे आणि प्रतिस्पर्धी शेजारच्याच खुर्चीत बसलेला असे.

सराव आणि बुद्धी

क्वेक ३मध्ये संगणक चालवतो त्या प्रतिस्पर्ध्यांना ‘बॉट’ म्हणतात. ते यान पॉल व्हॅन वेव्हेरेन या डच प्रोग्रामरने घडवले. आखाड्याचे लहान लहान भाग पाडून, कोणत्या भागातून कोठे चालत, उडी मारून किंवा रॉकेट जंपने जाता येईल याचा आराखडा बॉट आधीच बाळगतो. त्यांच्या पाच पातळ्या आहेत. नवशिक्याने खालच्या पातळीवर मॅप पाठ करायचा, वरच्या पातळीवर नेम पक्का करायचा, आणि मगच माणसांशी खेळायचे, हा रूढ शिक्षणक्रम आहे. बॉटकडून वस्तूंच्या वेळेचा डाव मात्र शिकता येत नाही. त्यासाठी वरच्या दर्जाच्या सामन्यांच्या ‘डेमो’ नोंदी पाहाव्या लागतात. या नोंदींत चित्रफीत नसते, सर्व्हरने पाठवलेली माहिती जशीच्या तशी साठवलेली असते. त्यामुळे त्या आकाराने लहान असतात आणि खेळाडूच्या नजरेतून पूर्ण सामना पुन्हा उभा करतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनालाही हा आखाडा उपयोगी पडला. डीपमाइंड या संस्थेने क्वेक ३च्या आज्ञावलीवर आधारलेल्या आखाड्यांत संगणकी खेळाडूंना झेंडा पळवण्याचा सांघिक खेळ शिकवला. नियम न सांगता, केवळ पडद्यावरचे दृश्य आणि गुण यांवरून ते सुमारे साडेचार लाख सामन्यांत शिकले, आणि माणसांपेक्षा सरस ठरले. हे संशोधन २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे त्यांच्या प्रतिसादाला मुद्दाम विलंब लावल्यावरही त्यांची सरशी टिकली. या खेळातील श्रेष्ठता बोटांच्या चपळाईपुरती नसते, याचा हा एक भक्कम पुरावा आहे.

माणसांच्या बाबतीत शॉन ग्रीन आणि डाफ्ने बॅव्हेलिए यांनी २००३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. वेगवान खेळ खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान अधिक विस्तृत असते आणि सरावाने ते वाढते, असे त्यांना आढळले. त्यांच्या पुढच्या प्रयोगांत ‘अनरिअल टूर्नामेंट’ मालिकेतील खेळच सरावासाठी वापरला गेला. सहभागी व्यक्तींच्या अपेक्षांचा निष्कर्षांवर परिणाम होतो काय, यावर पुढे संशोधकांत वाद झाला. म्हणून हा लाभ शक्य आहे, त्याची व्याप्ती वादग्रस्त आहे, एवढेच विधान सुरक्षित ठरते.

हिंसेचा प्रश्न

टिपणे, स्फोट आणि रक्त हे या खेळाचे दृश्य रूप आहे, आणि त्याकडे डोळेझाक करणे योग्य नाही. अमेरिकेत क्वेक ३ला सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठीचे प्रमाणपत्र मिळाले होते. खेळात रक्ताचे दृश्य बंद करण्याची सोयही आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली घेतलेली भूमिका संतुलित आहे. हिंसक खेळ आणि आरडाओरडा, ढकलाढकली यांसारखे आक्रमक वर्तन यांत लहानसा संबंध दिसतो. प्रत्यक्ष हिंसाचाराशी त्यांचा संबंध जोडण्यास मात्र पुरेसा आधार नाही. पालकांनी वयाची अट पाळावी आणि खेळण्याचा वेळ आखून द्यावा, हे यातून निघणारे व्यवहार्य मार्गदर्शन आहे.

ओहोटी आणि टिकाव

२००० सालानंतर लोकप्रियता दुसऱ्या वाटेने गेली. ‘काउंटर-स्ट्राइक’ने फेऱ्यांमध्ये विभागलेला, संथ आणि सांघिक खेळ रुजवला. २००१च्या ‘हेलो’मध्ये एका वेळी दोनच शस्त्रे बाळगता येत आणि कवच आपोआप भरून येई, त्यामुळे आखाड्यातील वस्तूंवर ताबा ठेवण्याचे महत्त्व घटले. अरीना शूटरच्या ओहोटीचे मुख्य कारण त्याच्या गुणातच आहे. ड्युएलमध्ये हरलेल्याला दोष वाटून घ्यायला साथीदार नसतो, नशिबाला जागा फारशी नसते, आणि कसलेल्या खेळाडूसमोर नवशिका एकही फ्रॅग न मिळवता हरतो. नवे खेळाडू यामुळे टिकत नाहीत, त्यांच्यावाचून बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळत नाहीत, आणि चक्र आक्रसत जाते.

असे असूनही हा प्रकार नामशेष झालेला नाही, आणि त्याचे सर्वांत मोठे श्रेय एका उदार धोरणाला जाते. आयडी सॉफ्टवेअरने आपल्या जुन्या खेळांची आज्ञावली मुक्त केली. क्वेकची १९९९ साली, क्वेक ३ची ऑगस्ट २००५ मध्ये. कोणालाही ती वाचता, बदलता आणि पुढे वाटता येऊ लागली. तिच्यावर ‘ओपनअरीना’ हा मोफत खेळ उभा राहिला. क्वेकच्याच वंशातून ‘झोनॉटिक’ आला. या खेळांना महागडा संगणक लागत नाही, त्यामुळे जुन्या यंत्रावरही ते नीट चालतात. क्वेक ३ स्वतः ‘क्वेक लाइव्ह’च्या रूपाने चालू राहिला. ‘क्वेक चॅम्पियन्स’ची २०१७ मध्ये खेळाडूंसाठी खुली झालेली आवृत्ती २०२२ मध्ये पूर्ण झाली. मात्र त्यात पात्रागणिक वेगळी शक्ती असल्याने मूळच्या समानतेला थोडी मुरड पडली. एकट्याने खेळण्याच्या ‘डस्क’सारख्या नव्या खेळांनी जुन्या वेगाची आणि खडबडीत चित्रणाची आवड तरुण पिढीत पुन्हा जागवली आहे.

नव्याने शिकू पाहणाऱ्याला आज मोफत खेळ, खुली आज्ञावली आणि दोन दशकांच्या सामन्यांच्या नोंदी उपलब्ध आहेत. जवळ राहणारे चार मित्र एका राउटरला संगणक जोडून बसले, तर अंतराची अडचणही उरत नाही. शिकण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम एक मॅप पूर्ण पाठ करावा, मग त्यातील चिलखतांच्या वेळा मोजण्याची सवय लावावी, त्यानंतर स्ट्रेफ जंप साधावी आणि नेमाचा सराव या सर्वांबरोबर चालू ठेवावा. नेम पक्का नसला, तरी वेळ आणि वाट यांचे भान असलेला खेळाडू केवळ चांगल्या नेमाच्या खेळाडूला बरोबरीची लढत देतो. आणि या खेळप्रकाराची योग्यता नेमकी यातच आहे.